डावीकडच्या पाच फळ्या

शनिवार, १४ ऑक्टोबर २०१७. हॅलिफॅक्स. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं.

हजर: मी, मराठी मंडळाची सचिव. काका, मंडळाचे माजी अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, वय सत्त्याहत्तर. चर्चआजी, त्या प्रार्थनाघराची शेवटची कारकून, वय पंचाऐंशी. इमारत पाडणाऱ्या कंपनीचा फोरमन.

कळवून गैरहजर: माझा नवरा, हॉस्पिटलात ड्यूटी.

न कळवता गैरहजर: व्हॉट्सॲपवर अंगठा वर करून ‘नक्की येतो’ म्हणालेले अकरा जण.

फोरमनने दारातच सांगून टाकलं, “बारा वाजता मशीन येतंय. बाराला पाच कमी असताना तुम्ही तिघंही मला रस्त्याच्या पलीकडे दिसला पाहिजेत.” वीज आणि पाणी दोन दिवसांपूर्वीच तोडलं होतं. त्याने तिघांना हेल्मेटं दिली आणि टॉर्च मारत बेसमेंटचा जिना दाखवला. काकांचं हेल्मेट माकडटोपीवर बसेना.

“टोपी काढा ना काका.”

“टोपी काढली की सर्दी होणार. सर्दीवर औषध कोण देणार? मी रिटायर्ड आहे.”

काम एकच होतं. बेसमेंटमध्ये दारापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंतच्या भिंतीला उभ्या लाकडी फळ्या होत्या, मोजून चौदा. त्यांच्यावर क्रीम रंग होता. तो उतरवायचा, खाली नावं शिल्लक आहेत का बघायचं, आणि नावांच्या फळ्या उचकटून माझ्या व्हॅनमध्ये घालायच्या. त्यातलं एक नाव चर्चआजीला हवं होतं. तिच्या मुलीचं. मुलगी सोळा दिवस जगली होती.

क्रीम रंग आम्ही दिलेला होता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. आम्ही सगळे त्या इमारतीला चर्च म्हणायचो, आजी मात्र चॅपल म्हणायची आणि फरक समजावून सांगायची. इंग्लंडमध्ये राजाचं एक चर्च आहे. ते आणि त्याचे बिशप ज्यांना मान्य नव्हते असे लोक फुटून निघाले आणि आपापली साधी प्रार्थनाघरं बांधून राहिले. असल्याच एका गावातून जहाजबांधणीची कामं करणारी काही कुटुंबं इकडे आली आणि बंदराच्या उतारावर त्यांनी हे लाकडी घर उभं केलं. रंगीत काचा नाहीत, मूर्ती नाही, मेणबत्त्या नाहीत. वर बाकं आणि एक उंच टेबल, खाली बेसमेंटमध्ये मुलांची रविवारची शाळा. कोणी वरून हुकूम सोडायचा नाही. सभासदांची यादी असायची, आणि प्रत्येक गोष्ट मतदानाने ठरायची. यादी सांभाळणारा तो कारकून. शेवटची चाळीस वर्षं आजी कारकून होती. मला ती पहिल्या भेटीपासून आवडली, याचं कारण तिच्या वह्या.

आम्हाला बेसमेंट गणपतीसाठी द्यायचं की नाही, यावरही मतदान झालं होतं. जिथे स्वतःच्या देवाचंही चित्र लावत नाहीत तिथे आमचा बाप्पा बसवायचा म्हणजे त्यांना अवघडच गेलं असणार. एका मताने पास झालं, एवढंच आजीने सांगितलं. ते मत कोणाचं, हे विचारल्यावर म्हणाली, “मतदान गुप्त असतं, डियर.” आमच्या मुलांनी तिला चर्चआजी केलं ते त्याच वर्षी. ती मोदकाला डंपलिंग म्हणायची आणि दोन खायची.

या पंथात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस मोठा झाला, स्वतः ठरवून पाण्यात उतरला, की मगच त्याचं नाव सभासदांच्या वहीत चढतं. मग बाळांचं काय? तर बाळाला पहिल्यांदा आणायचे त्या रविवारी बापाने खाली बेसमेंटमध्ये जायचं आणि भिंतीवरच्या फळीवर पेन्सिलीने स्वतःच्या हाताने बाळाचं नाव लिहायचं. वर्षाच्या शेवटी कारकून त्यावर व्हार्निशचा एक हात देणार. बस्स. दाराकडून सुरुवात करून नावं वर्षागणिक डावीकडे सरकत गेली होती.

आजीची मुलगी नवव्या दिवशी चॅपलमध्ये आली आणि सोळाव्या दिवशी गेली. वहीत नाव नाही. सरकारी कागदावर ‘मुलगी’ एवढंच. हिवाळ्यात जमीन दगडासारखी झालेली, म्हणून कुटुंबाच्या जुन्या कबरीत पुरलं, पाटी नाही. नवऱ्याने भिंतीवर लिहिलं तेवढंच. नवराही २०१६ च्या वसंतात गेला.

आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, आजी कमरेच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात असताना, आम्ही तिला सरप्राइज द्यायचं ठरवलं. गणपतीच्या आधी श्रमदान! जागा जवळजवळ फुकट वापरतो तर निदान रंग तरी देऊ. किल्ली सांभाळणाऱ्या आजोबांना गुडघ्यांमुळे बेसमेंट उतरता येत नव्हतं, ते म्हणाले, “वंडरफुल.” मी यादी केली, कामं वाटली, चार तासांत सगळं संपवलं.

आजी काठी टेकत परत आली तेव्हा आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत उभे होतो. ती भिंतीच्या कडेने दारापासून खिडकीपर्यंत चालत गेली. मग म्हणाली, “हाउ ब्राइट. किती प्रकाश आला.” आम्ही टाळ्या वाजवल्या. वर्षभर ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. सभासद सात उरले, त्यांनी शेवटचं मतदान करून इमारत विकली, तिथे कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची बिल्डिंग, होणार हे ठरलं, तेव्हा एका दुपारी तिचा फोन आला. “तुला त्रास नसेल तर एक विचारू? तो रंग... त्याच्या खाली काय आहे हे कळायचा काही मार्ग असतो का?”

मी हो म्हणाले, यादी केली. गरम पाण्याचे थर्मास सहा, जुने टॉवेल, डोसा उलटायची पातळ उलथनी तीन, टॉर्च चार, छोट्या पहारी दोन, ब्लँकेटं. फोरमनला मी चार वेळा फोन केला तेव्हा त्याने शनिवारची सकाळ दिली.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. माझी २०१६ ची वही काढून बघितली होती. श्रमदानाच्या पानावर माझ्या अक्षरात होतं: ‘फळ्या घासणे. दाराकडच्या नऊ: काका. खिडकीकडच्या पाच: मी.’ दोन्हींपुढे बरोबरची खूण.

घासणे, म्हणजे पॉलिश पेपरने. घासलं असेल तर व्हार्निश गेलं, आणि व्हार्निशबरोबर पेन्सिल गेली.

खिडकीकडच्या फळ्या तळणाच्या वाफेने तेलकट झाल्या होत्या, म्हणून त्या मी स्वतःकडे घेतल्या. त्यावर अक्षरं आहेत हे मला दिसलं होतं. काळपट व्हार्निशखाली पुसट, पण अक्षरंच. मी कॉलेजात असताना आमचा ग्रुप गडांवर जायचा तो भिंतींवरची नावं पुसायला. बदाम, बाण, अमुक लव्हज तमुक. दगडावर कोळशाने नाव लिहिणाऱ्या माणसाचा मला अजूनही संताप येतो. तीच सवय हातात होती. कोणीतरी देवाच्या घराच्या भिंतीवर नावं लिहून ठेवली आहेत, आणि हे लोक इतके भिडस्त की पुसतही नाहीत! मी दुप्पट जोराने घासलं.

ही पाच फळ्यांची गोष्ट डोक्यात ठेवून मी त्या सकाळी थर्मास उघडला.

गरम टॉवेल फळीवर दाबून धरायचा, दोनशे आकडे मोजायचे, मग उलथनं सरकवायचं. दाराजवळच्या पहिल्या फळीवर रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला आणि अख्खा निघून आला. खाली तपकिरी, चकचकीत व्हार्निश. त्यात नावं.

आजी फोल्डिंग खुर्चीवर बसली होती. ती उठली. तिने टॉर्च जवळ नेला आणि वाचायला लागली. एक, दोन, पाच. तिच्या आजोबांच्या वेळची माणसं.

मी काकांकडे बघितलं. काका छताकडे बघत होते.

“काका, या नऊ फळ्या तुम्ही घासल्या होत्या ना?”

“अं? हो, म्हणजे... हात फिरवला होता.”

“पॉलिश पेपर?”

“सेक्रेटरीबाई, त्या दिवशी वडे गरम होते. मी खूण करून टाकली.”

“खूण मी केली. तुम्ही ‘झालं’ म्हणालात म्हणून.”

“मग झालंच की!” काका म्हणाले, आणि आजीकडे बोट दाखवलं. “बघ, वाचतेय ती.”

वीस वर्षं मी या माणसाला कामचुकार म्हणत आले. तोंडावर, मीटिंगमध्ये, एकदा तर वार्षिक अहवालात, नाव न घेता. आता त्याच्या कामचुकारपणामुळे पेन्सिलीची नावं ओल्या टॉवेलखालून एकेक करून बाहेर येत होती, आणि मी खिडकीकडे बघायचं टाळत होते, कारण आम्ही डावीकडे सरकत होतो.

साडेनऊला चार फळ्या झाल्या. आजीला तिच्या थोरल्या भावाचं नाव सापडलं. मग तिचं स्वतःचं, वडिलांच्या हाताचं. “त्यांनी स्पेलिंग चुकवलंय,” ती हसून म्हणाली, “आणि आईने ते आयुष्यभर ऐकवलं.” काकांनी मोबाइलवर फोटो काढले. मी उलथनं चालवत होते आणि फळ्या मोजत होते.

“तुमची मुलगी साधारण कितवी, आठवतं?” मी विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवला.

“मधे कुठेतरी. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. तेव्हाच्या खांद्याएवढ्या.”

मधे म्हणजे सात किंवा आठ. सात-आठ काकांच्या. मी टॉवेल बदलला.

सहाव्या फळीवर तिचा नवरा निघाला, बाळ म्हणून. सातवीवर युद्धाच्या वर्षांतली मुलं, खूप थोडी. आठवी भरगच्च. नवव्या फळीला आम्ही हात लावला तेव्हा दहा वाजून चाळीस झाले होते, आणि थर्मासातलं पाणी कोमट झालं होतं. रंग तुकड्यातुकड्याने निघायला लागला. आजी आता नुसती नावं वाचत नव्हती, वर्षं बोलत होती. “हा माझ्या लग्नात अंगठी धरून उभा होता. ही आमच्या शेजारची. ही त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातली.” सगळ्यात खाली एक नाव होतं. ते वाचून ती थांबली.

“हे त्या नोव्हेंबरचं,” ती म्हणाली. “पुढची आमची. जानेवारीतली.”

नववी फळी संपली होती. पुढची दहावी.

फोरमन वरून ओरडला, “एक तास!”

मी टॉवेल पिळला, दहाव्या फळीवर दाबला आणि मोजायला लागले. काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी हळूच विचारलं, “ही तुझी बाजू ना?”

मी मान हलवली.

“आणि तू घासली असशील.”

“दोनदा.”

त्यांनी टॉर्च फळीजवळ धरला.

उलथनं सरकेना. रंग लाकडाला घट्ट चिकटला होता, चांगल्या घासलेल्या लाकडाला चिकटतो तसा. मी कोपऱ्याने खरवडलं. एक नखाएवढा तुकडा निघाला. खाली पांढुरकं, कोरं लाकूड होतं. आणखी खरवडलं. कोरं. खांद्याच्या उंचीवर हातभर पट्टा मोकळा करायला पंचवीस मिनिटं गेली, आणि त्यात एक अक्षर नव्हतं.

“इथे नाहीये?” आजीने विचारलं.

“इथे... इथलं व्हार्निश गेलंय,” मी म्हणाले.

“गेलं म्हणजे? बाकी सगळीकडे आहे.” ती माझ्याकडे बघत होती. “हे कोणी घासलंय का?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. काका पुढे झाले.

“मी,” ते इंग्रजीत म्हणाले. “मॅडम, मीच घासलं. रंग नीट बसावा म्हणून. आय ॲम व्हेरी सॉरी.”

“काका...”

“गप्प बस,” ते मराठीत म्हणाले, तिच्याकडे बघून हसत. “तुला तिच्याबरोबर अजून पुष्कळ काम करायचंय. माझं काय, मी दुपारनंतर घरी जाणार. आयुष्यभर मला आळशी म्हणालीस ना? एकदा तरी कामसू ठरू दे.”

आजीने त्यांच्या दंडावर हात ठेवला. “डॉक्टर, तुम्हाला काय ठाऊक असणार?” एवढंच म्हणाली. तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी घड्याळाकडे बघितलं. अकरा पंचवीस.

त्यानंतर जे मला जमतं ते मी केलं. काकांना पहार दिली आणि पहिल्या नऊ फळ्या काढायला लावल्या. खिळे गंजून झिजले होते, फळ्या मोकळ्या व्हायला वेळ लागला नाही. फोरमनचं मन बदललं की काय, तो खाली आला आणि एकेक फळी खांद्यावर टाकून व्हॅनपर्यंत नेऊ लागला. मी दहाव्या फळीपाशी टॉर्च आडवा धरला, अगदी लाकडाला टेकवून. आजीचा नवरा गोदीत लोखंडावर खुणा करायचं काम करायचा, त्याचा हात जड होता, पेन्सिलीची टोकं मोडायची, असं तिनेच कधीतरी सांगितलं होतं. पेन्सिल गेली तरी दाब राहिला असेल.

आडव्या उजेडात फळीवर रेघाच रेघा दिसल्या. उभ्या, बारीक, शेकडो. त्या पॉलिश पेपरच्या होत्या, माझ्या. त्यांच्यामध्ये एक जरा जास्त खोल उभी रेघ, आणि तिच्या खालून निघालेलं एक वळण.

“काय दिसतंय तुला?” आजीने विचारलं. तिने चष्मा काढून हातात घेतला होता.

खोटं सांगणं फार सोपं होतं. नाव मला माहीत होतं.

“एक रेघ,” मी म्हणाले. “आणि खाली एक वळण. बाकी मला ओळखता येत नाही.”

तिने हातमोजा काढला आणि बोट त्या जागी ठेवलं. बोट रेघेवरून खाली गेलं, वळणावर थांबलं, परत वर आलं. तीन-चार वेळा. वरच्या रिकाम्या हॉलमध्ये कोणीतरी काहीतरी जड ओढत नेत होतं.

“हा त्याचा आहे,” ती म्हणाली. “शेवटचं अक्षर तो असंच खाली ओढायचा. आईस्क्रीमचा चमचा, मी चिडवायचे.”

मला खात्री नव्हती, आणि आजही नाही. उभी रेघ माझी असू शकते. वळण मात्र माझं नाही. पॉलिश पेपर मी वरून खालीच चालवला होता. दोन वर्षं त्या फळीबरोबर एका घरात राहिल्यावर एवढं मी सांगू शकते.

बाराला दहा कमी असताना आम्ही शेवटच्या पाच फळ्या काढल्या. दहावी फोरमनने आणि मी दोन टोकांना धरून नेली. आजी तिच्या बाजूने चालत होती, एक हात फळीवर ठेवून. बाराला पाच कमी असताना आम्ही तिघं रस्त्याच्या पलीकडे होतो. मशीन बारा वाजता आलं नाही. बारा चाळीसला आलं. काका म्हणाले, “बघ, इथेही आपलेच लोक आहेत.” आजी हसली नाही, कारण तिला मराठी येत नव्हतं, आणि मी हसले नाही.

आधी छप्पर गेलं. मग बंदराकडची भिंत आत कोसळली आणि आम्हाला पहिल्यांदाच त्या रस्त्यावरून पाणी दिसलं, फेरीबोट निघालेली दिसली. आजीने पर्समधून वही काढली, घड्याळ बघून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. कारकुनाचं शेवटचं काम ते.

त्या दिवसाच्या माझ्या यादीत बारा कामं होती. फळ्या माझ्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसपासून लांब, भिंतीला टेकवून ठेवल्या: झालं. पहिल्या नऊ फळ्यांवरची सगळी नावं उतरवून काढली, टाइप केली, आजीकडून तपासून घेतली: झालं. उरलेल्या सहा सभासदांना एकेक प्रत: झालं. विद्यापीठात जुने कागद सांभाळणाऱ्या बाईंना दहावी फळी दाखवली. त्यांनी वेगवेगळ्या कोनांतून दिवे टाकून फोटो घेतले आणि ‘बहुधा’ असं लिहून दिलं: झालं. पाटी: आजीने त्या जुन्या कबरीपाशी लहानशी पाटी बसवली, नाव आणि जानेवारी, आम्ही चौघं गेलो होतो, या वेळी माझा नवराही, काका माकडटोपी घालून: झालं.

आता २०१९ संपत आलंय. आजी बंदराच्या पलीकडे एका केअर होममध्ये असते. महिन्यातल्या पहिल्या रविवारी मी फेरीने जाते, डब्यात मोदक असतील तर दोन. दर वेळी ती काकांची चौकशी करते. “तुझ्या डॉक्टरांना सांग, मी मनात काही ठेवलेलं नाही. बिचारे अजून स्वतःला दोष देत असतील.” मी म्हणते, सांगते. घरी येऊन काकांना फोन करते, ते म्हणतात, “परत माफ केलं का? अगं, तिची माफी आता माझ्याकडे साठायला लागली आहे. तुझा वाटा घेऊन जा.”

वही भरली की उरलेली कामं मी पुढच्या वहीत उतरवते. त्या शनिवारच्या यादीतलं एकच काम चौथ्या वहीत आलंय. बारा नंबर. ‘खिडकीकडच्या पाच फळ्या कोणी घासल्या ते आजीला सांगणे.’ पुढची जागा रिकामी आहे.